शहाणी ना तू?

रविवारी भेटीच्या वेळेला शर्वरी मिरजेच्या बालगृहात शिरली, तेव्हा पोरी अंगणात एकमेकींच्या वेण्या घालत बसल्या होत्या. जिच्या कपाळावर पट्ट्याचा वळ, तिची चाचणी नुकतीच झालेली, हे न सांगता कळायचं. ओवीचं कपाळ अजून कोरं होतं.

ओवी तिची धाकटी बहीण, अकरा वर्षांची. शर्वरी स्वतः सोळाची, पण कायद्याने सज्ञान. नव्या कायद्यात मोठेपण जन्मतारखेवर नाही, मेंदूवर ठरत होतं. सज्ञानपट्टा कपाळाला बांधायचा, पोराला चिडवायचं, घाबरवायचं आणि कपाळामागचा मेंदू राग नि रडू किती झटकन आवरतो ते बघायचं. आवरलं नाही तर लाल दिवा, आवरलं की हिरवा. मग बालगृह बंद, शाळेची फी-माफी बंद, जा आणि कमवून खा. बंगल्यांतली लाडावलेली पोरं मिसरूड फुटलं तरी लालच राहायची. आईबाप गेलेल्यांचा दिवा मात्र लगेच हिरवा. वा रे कायदा!

शर्वरी इस्पितळाच्या धुलाईत चादरी धूत होती. कामाच्या करारावर तिची सही चालली, खोलीच्या भाडेकरारावरही चालली. आज ती ओवीचा ताबा मागायला आली होती. अधीक्षिका धामणकर मॅडमनी गोड आवाजात सांगितलं, की पालक व्हायला एकवीस वर्षं पूर्ण लागतात, आणि ती जन्मतारखेवरच मोजतात. तिथे पट्टा चालत नाही.

"म्हणजे राबायला मी सज्ञान, आणि बहिणीला सांभाळायला अज्ञान?"

"चिडू नकोस. उद्या ओवीची चाचणी आहेच. तीही तुझ्यासारखीच शहाणी आहे. हिरवा लागला की दोघी खुशाल एकत्र राहा. धुलाईत तिलाही लावून घेतील."

शर्वरीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. टेबल उलथून टाकावं, या बाईच्या त्या गोडव्यावर थुंकावं, असं वाटलं. पण हात मांडीवरून हलले नाहीत. तोंडातून "बरं, मॅडम" एवढंच आलं. आत्ता पट्टा बांधला असता तर पुन्हा हिरवाच लागला असता, आणि त्याचाच तिला सगळ्यात जास्त संताप आला.

कारण ओवीला हे शिकवलं कुणी? तिनेच. आई गेली त्या दिवशी, आणि नंतर दर रविवारी निघताना ती एकच म्हणायची, रडायचं नाही, शहाणी ना तू?

अंगणात येऊन तिने ओवीला जवळ ओढलं.

"ओवे, नीट ऐक. उद्या ते तुझ्यावर ओरडतील, ताटातलं हिसकावतील. तू भोकाड पसर. लाथा झाड, चावलीस तरी चालेल. तू लहान राहिलीस तर शाळेत राहशील. मी येत राहीन, पण शहाणपणा अजिबात करायचा नाही."

ओवीने सगळं शांतपणे ऐकून घेतलं. ताईचे डोळे भरलेले पाहून स्वतःच्या ओढणीने ते पुसले.

"करते मी, ताई. तू काळजी नको करूस," ती म्हणाली. मग जरा विचारात पडली.

"पण रडायला सुरुवात कशी करायची?"