यादीत नसलेलं केंद्र

मोबाइलच्या नेटवर्कला माणूस कुठे आहे ते सतत ठाऊक असावं लागतं, नाहीतर त्याला फोन लावायचा कुठे? म्हणून तुम्ही गाव बदललंत की तिथलं केंद्र तुमच्या नंबरच्या मूळ केंद्राला निरोप धाडतं, ‘हा आता माझ्याकडे आहे.’ माणसं झोपतात, भांडतात, प्रवास करतात आणि ही केंद्रं आपली दिवसरात्र एकमेकांच्या कानाला लागलेली. अशाच एका मूळ केंद्रात बसून ते निरोप वाचणं हे तिचं काम.

त्या दिवशी सकाळी बंद पडलेले नंबर पुसायचे होते. पद्धत अशी, की पुसण्याआधी प्रत्येक नंबरला एकदा हाक द्यायची. उत्तर आलं नाही की पुसायचं. तीन वर्षं ती एक नंबर गुपचूप यादीतून वगळत आली होती. या खेपेला यादी काकांनी केली होती आणि तो नंबर यादीत होता. तिच्या बाबांचा. टॉवरवर चढून अँटेना बसवण्यात त्यांची हयात गेली आणि शेवटी टॉवरवरूनच ते पडले. फोनचा चुराडा तिने स्वतःच्या हाताने गोळा केला होता.

काका म्हणजे शेजारच्या खुर्चीतले, बाबांचे जुने दोस्त. तिचा हात थबकलेला पाहून म्हणाले, “किती दिवस जपणार आहेस पोरी? हाक दे आणि मोकळी हो.”

तिने दिली. उत्तर आलं. ‘माझ्याकडे आहे.’

“काका... हे केंद्र कुठलं?”

जगभरच्या केंद्रांचे क्रमांक काकांना तोंडपाठ होते आणि त्याचा तोरा मिरवायची एकही संधी ते सोडत नसत. आज चष्मा पुसून ते बराच वेळ बघत राहिले. “आपल्या यादीत नाही. कुणाच्याच नसावं...”

तिने त्या केंद्राला विचारलं, तुझ्याकडे किती जण आहेत? आकडा पडद्यावर मावेना. एवढे नंबर तर आजवर कुणी कुणाला दिलेच नव्हते. काकांनी चाचरत आपल्या वारलेल्या बायकोचा, गेल्या वर्षी स्वतःच पुसलेला नंबर घातला. ‘माझ्याकडे आहे.’ कुणी म्हणजे कुणी हरवलेलं नव्हतं. तिला भीती वाटायला हवी होती. पण एवढी अफाट गर्दी कुणीतरी इतक्या निगुतीने सांभाळलेली पाहून तिचे डोळे भरून आले.

“पुसून टाक,” काका कुजबुजले. “आपल्याकडे नोंद असेपर्यंत वाट उघडी राहते... दोन्ही बाजूंनी.”

“नाही काका. बाबा सापडलेत मला.”

तिने नंबर कायम ठेवला. लगेच तिकडून निरोप आला. बोलता बोलता माणूस गाडीतून पुढे जात असला, की पुढचं केंद्र त्याच्यासाठी आधीच जागा राखून ठेवतं, तसला निरोप. दहा सेकंदांत कुणी आलं नाही, तर ती जागा आपोआप सुटते.

राखलेल्या जागेपुढे तिचा स्वतःचा नंबर होता.

काकांनी तिचं मनगट घट्ट धरलं आणि मोजायला सुरुवात केली. दहा झाले. वीस झाले. साठ झाले... जागा अजून राखलेलीच होती.