पाच-पाच मिलिमीटर

त्यानं आधी गाडी उचलली, मग मला. हे मी लक्षात ठेवलं.

तुर्भ्याचा सिग्नल होता. ट्रकच्या मागे थांबले, डावा पाय टेकवायला गेले, तर नेमका तिथं रस्ता खचलेला. पाय हवेत, आणि माझी दीडशे किलोची मोटरसायकल अगदी सवडीनं आडवी झाली. तिच्याखाली मी. माझी उंची पाच फूट, गाडीच्या सीटची आठशे पंचवीस मिलिमीटर. गाडी घेताना हे दोन्ही आकडे मला ठाऊक होते. मी ते शेजारी-शेजारी ठेवून बघितले नव्हते, एवढंच.

समोरच्या गॅरेजमधून एक जण हात पुसत आला होता.

"लागलं?"

"नाही. पण माणसाच्या आधी गाडी उचललीत तुम्ही."

"ती तुमच्या पायावर व्हती. आधी तुमाला ओढलं असतं तर पाय तिथंच राह्यला असता."

बोलताना तो हसला नाही. मी शरमलेली असताना न हसणारा माणूस मला बऱ्याच दिवसांत भेटला नव्हता. मिथुन त्याचं नाव, शिरवणे गावचा. नखांत काळं ग्रीस, आणि शर्ट मात्र इस्त्रीचा... हेही टिपलं.

टिपायची मला सवय आहे. मी महापेला गाड्यांच्या विम्याचे दावे तपासते, म्हणजे दिवसभर लोकांच्या थापा वाचते. 'गाडी स्टँडवर उभी होती, आपोआप पडली' ही त्यांतली माझी सगळ्यात लाडकी.

घरी बाबांनी माझा खरचटलेला कोपर पाहिला आणि शांतपणे सांगितलं, "ईश्वरी, ही एक झाली. दुसऱ्यांदा पडलीस की गाडी विकायची." श्यामसुंदर नाईक बोलतात ते करतात.

दुसऱ्याच दिवशी मी मिथुनसमोर उभी.

"गाडी दोन इंच खाली करून द्या."

"दोन इंच नाय करनार. पंचवीस मिलिमीटर करीन, पुढनं-मागनं सारखी. आनि पाय टेकायला शिकवीन."

"पाय टेकायला? मी बालवाडीत नाही."

"बालवाडीतली पोरं पडली तर रडतात तरी. तुमी भांडता."

मी तडक दुसरं गॅरेज गाठलं. तिथं एक तासात काम झालं. मागच्या शॉकची पट्टी बदलली, गाडी पन्नास मिलिमीटर खाली. दोन्ही पाय सपाट जमिनीवर. मला जग जिंकल्यासारखं वाटलं... चार दिवस.

पाम बीच रोडच्या वळणावर हँडल वळेना. मी आत झुकतेय आणि गाडी बाहेर निघालीय, थेट बसच्या अंगावर. कशीबशी सावरली. संध्याकाळी हेडलाइट रस्ता सोडून लोकांच्या बाल्कन्या उजळायचा. प्रत्येक स्पीडब्रेकरला खालून ठणका. आणि पाचव्या दिवशी सकाळी, सोसायटीच्या पार्किंगमध्ये, मी हेल्मेट घालत असताना, कुणी बोटही न लावता—

गाडी स्टँडवर उभी होती, आपोआप पडली.

वरून, बाल्कनीतून बाबांचा आवाज आला. "ही धरायची का?"

"मी वर बसलेसुद्धा नव्हते, बाबा."

"मग अर्धी धरतो."

मिथुननं गाडीभोवती एक फेरी मारली. 'मी सांगितलं होतं' हे वाक्य त्याच्या तोंडावर आलेलं मला दिसलं. त्यानं ते गिळलं. त्याच्या नावावर ही मोठी जमा.

"मागनं बसवली, पुढनं तशीच ठेवली," तो म्हणाला. "मंग पुढचं चाक हलकं पडतं, वळनात ऐकत नाय. आनि स्टँड जुनाच. गाडी खाली आली तर स्टँड लांब पडतो ना. गाडी कलायची ती सरळ उभी राहते. वारा आला तरी पडेल."

"मग आता?"

"पंचवीस. दोन्हीकडनं. स्टँड छोटा देतो. आनि रविवारी महापे. एमायडीसी बंद असते, रस्ता मोकळा."

मी मान हलवली. दीड पडझडीनंतर माणूस नम्र होतो.

पहिल्या रविवारी पाऊस उघडला होता. बंद कारखान्यांच्या भिंतींवर शेवाळ, रस्त्यावर बदामाची ओली पानं. मिथुन पुढे चालायचा आणि हात वर करायचा, मी थांबायचं. "दोन्ही पाय नको. कंबर जराशी डावीकडं सरकवा. एकच पाय, पन पूरा. थांबायच्या आधी जागा बघा, मंग थांबा."

"आयुष्यातही असंच करता का तुम्ही?"

"काय?"

"आधी जागा बघता, मग थांबता?"

त्याचे कान लाल झाले. इतका तगडा माणूस आणि कान असे... मी त्या दिवशी नीट थांबायला शिकले नाही, पण त्याचे कान लाल करायला शिकले.

मग रविवार लागलेच. सुरुवातीला तो "नटबोल्ट बघतो" म्हणून मला टपरीवर चहा आणायला पिटाळायचा आणि अर्धा तास गाडीखाली असायचा. मग सराव, मग दुसरा चहा. मी अहो-जाहो कधी सोडलं ते मला कळलं नाही. त्यानं सोडलं नाही.

सहाव्या रविवारी गाडीला पुन्हा जुना, लांब स्टँड होता. तरी ती नीट कलून उभी होती.

मी कठड्यावर बसले आणि पर्समधून डायरी काढली.

"आठशे," मी वाचलं. "आठशे पाच. आठशे दहा. आठशे पंधरा. आठशे वीस. आज आठशे पंचवीस."

मिथुनच्या हातातला पाना थांबला. "मापलं?"

"पर्समध्ये एकवेळ कंगवा नसेल, टेप असतेच. दर रविवारी न सांगता गाडी वर चढवत होतास. माझी गाडी, मिथुन. वर बसणारी मी."

"चुकलं," तो लगेच म्हणाला. "सांगायला पायजे होतं. पन सांगितलं असतं तर तुमी रस्ता सोडून पायाकडं बघत बसल्या असत्या."

"ते पटलं. एक पटत नाही. पंचवीस मिलिमीटर तुला तासाभराचं काम. पाच-पाचच का?"

तो बराच वेळ पाना पुसत राहिला. पाना स्वच्छ होता.

"तासाभरात झालं असतं..." तो खाली बघून म्हणाला, "तर दुसऱ्या रविवारी तुमी कशाला आल्या असत्या?"

रस्त्यावर कुणी नव्हतं. एका पत्र्यावरून पाणी ठिबकत होतं, तेवढंच.

"आता तुमी सांगा. दुसऱ्याच रविवारी कळलं व्हतं. मंग गप का बसलात?"

दाव्यात दोन्ही बाजूंचा जबाब जुळला की आम्ही पुढची चौकशी करत नाही. मी डायरी मिटली.

"तुझं कारण तेच माझं," मी म्हणाले. आणि या वेळी कान माझे तापले.

थोड्या वेळानं मी विचारलं, "तू मागे बसलास की गाडी किती खाली जाते?"

त्यानं खरंच विचार केला. "वीस... पंचवीस मिलिमीटर."

"मग बस. नेरूळला जायचंय, बाबांकडे. माझ्या पडण्यांची मोजणी दीडवर थांबलीय त्यांची. बघू देत."

तुर्भ्याच्या त्याच सिग्नलला लाल दिवा लागला. मी खचलेली जागा लांबूनच हेरली, दोन हात अलीकडे थांबले, कंबर सरकवली, डावा पाय टेकला. पूरा. मागे वळून पाहिलं.

मिथुनचे पाय माझ्याहून कितीतरी लांब, सहज जमिनीला पोचणारे. दोन्ही फूटरेस्टवर होते.

"हिरवा झाला," तो म्हणाला. "चल, ईश्वरी."