मास्तरांचा सिग्नल

हे माझ्या ताईच्या बाबतीत घडलंय. रचलेलं नाही. काही रचून सांगण्याएवढं त्राणच तेव्हा तिच्यात उरलं नव्हतं.

सुट्टीचा दिवस होता. संध्याकाळ. ऑफिसात ती एकटी.

ताईची कंपनी छोट्या यंत्रांसाठी ऑपरेटिंग सिस्टिम बनवते. त्या सिस्टिममध्येच वायफाय असावं, वरून वेगळं काही जोडायला लागू नये, हा तिच्या साहेबांचा ध्यास. सगळे त्यांना मास्तर म्हणायचे. काम अर्ध्यावर असताना मास्तर अचानक गेले आणि उरलेलं सगळं ताईच्या गळ्यात पडलं.

ती चाचणीच्या खोलीत बसली होती. चारी बाजूंनी पत्रा, जाडजूड दार. बाहेरचा कुठलाच सिग्नल आत येत नाही. खोली बांधलीच त्यासाठी.

स्वतःचा फोन बाहेर ठेवून तिने कोरा सर्किट बोर्ड चालू केला; त्यात कुठलंच नेटवर्क साठवलेलं नव्हतं.

बोर्ड नेटवर्क शोधू लागला...

एक सापडलं.

‘मास्तर’.

त्यांच्या फोनच्या हॉटस्पॉटचं नाव. चाचणीला ते नेहमी तोच वापरायचे.

"झोप हवीय मला," ती पुटपुटली.

तेवढ्यात बोर्ड जोडला गेला. तिने पासवर्ड दिलाच नव्हता.

आणि सिग्नल वाढू लागला... हळूहळू... कुणी फोन हातात घेऊन जवळ यावं तसा.

पावलांचा आवाज नाही. पंख्याची घरघरही थांबलेली.

ती बाहेर आली आणि मास्तरांच्या बायकोला फोन लावला.

"वहिनी, मास्तरांचा फोन कुठंय?"

"का गं?"

"सहज विचारलं."



"त्यांच्याबरोबरच चितेवर दिला गं. हातातून सुटेचना. मग राहू दिला."

"अगं, मग घरी पळून यायचंस ना!" मी तिला नंतर म्हणालो.

"पळायला पायात जीव नको? सकाळी काम द्यायचं होतं रे."

ती परत आत गेली. दार ओढून घेतलं. चाचणी पूर्ण केली. सगळं पास.

मग समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे बघून ती म्हणाली, "झालं, मास्तर. आता जा."

सिग्नल उतरायला लागला... थोडा... आणखी थोडा...

आणि थांबला.

तिथल्या चाचण्या करून करून सिग्नलचे आकडे तिला पाठ झाले होते. दारापाशी फोन धरला की एवढाच येतो.

खोलीला दार एकच.

त्यानंतर ती बाहेर कशी आली, ते ताई सांगत नाही. मीही खोदून विचारत नाही.