पिवळी गल्ली

रुक्मा चितारीने नेहमीप्रमाणे दुकानाच्या फळ्या काढल्या, उंबऱ्यासमोर पाणी शिंपडले आणि लाखेने रंगवलेली लाकडी केळी, काजू, आंबे मांडणीवर ठेवले. मग धक्क्यावरच्या फलकाकडे पाहिले. त्यावरच्या वेंगुर्ल्याच्या नकाशात तिची गल्ली अजून पिवळीच होती. दाराशी रंगकाम करत बसलेला तिचा धाकटा भाऊ भिवा म्हणाला, "बाय, आज कुत्रे पन हिरव्या गल्लीत गेले."

क्रूझ जहाजावरून उतरणाऱ्या प्रत्येक प्रवाशाच्या मनगटावर आता 'अभयकडे' असे. नाडीचे ठोके आणि त्वचेवरचा घाम मोजून ते त्याची भीती टिपी, आणि साऱ्या कड्यांच्या नोंदींतून गल्ल्यांना रंग मिळे: निर्धास्त गल्ली हिरवी, भीती वाटणारी पिवळी. प्रवासी हिरव्या गल्ल्यांतच फिरत. पिवळ्या गल्लीत चुकून आलेला माणूस वस्तू दुरूनच पाही. आणि हातात न घेतलेली वस्तू कोण विकत घेणार? शेजारच्या दोन दुकानांना कुलपे लागली होती.

गल्लीच्या विनंतीवरून संशोधक डॉ. नेत्रा केरकर कारण शोधायला आल्या होत्या. भीती एकाच ठिकाणी उसळते, रुक्माच्या दाराशी, असे त्यांनी हलक्या आवाजात सांगितले. होडीवरच्या स्टोव्हच्या भडक्यात भिवाच्या चेहऱ्याची डावी बाजू वितळल्यासारखी झाली होती. गल्लीला त्याची केव्हाच सवय झाली होती.

"मगे त्यांका सांगा, ह्यो कोणाक काय करणा नाय."

"सांगून उपयोग नाही, रुक्माताई. समजण्याआधीच छातीत धडधडतं, आणि कडं तेवढंच मोजतं. त्याला धोका कळत नाही; भीती तेवढी कळते."

दुसऱ्या बंदरांत लोक काय करतात, असे रुक्माने विचारले. तिकडे आता रस्त्यावर पांगळी, वेडसर, फार म्हातारी माणसे दिसत नाहीत, असे डॉ. केरकर म्हणाल्या. तसा हुकूम मात्र कोणीच काढला नव्हता.

गल्लीत कारण कळायला वेळ लागला नाही. लहानपणी भिवाबरोबर पोहायला शिकलेली माणसे आपापल्या दारात उभी राहून समुद्राकडे पाहत राहिली. जहाजाचा भोंगा वाजला.

रुक्माने आतल्या खोलीच्या दाराला जुन्या लुगड्याचा पडदा बांधला. भिवाने रंगाच्या वाट्या उचलल्या.

"आत उजेड कमी पडतलो," एवढेच म्हणाला.

रुक्माने दुकानातला दिवा काढून आत त्याच्या डोक्याच्या वर लावला, आणि पडदा ओढून घेतला.