बुरुजावरून उतरलेली बुद्धी

चित्रातल्या प्रियकराचं बोट गुलाबाच्या कळीपासून तांदळाच्या दाण्याएवढ्याच अंतरावर होतं. इरावतीने भिंगातून पुन्हा पाहिलं. मध्ययुगातल्या एका फ्रेंच काव्याची ती पोथी. तिच्यातला हिरवा रंग कशाचा बनवलाय ते तपासायच्या कामावर इरावती पुण्याहून इंग्लंडातल्या साउथहॅम्प्टनच्या ग्रंथालयात आली होती.

"सॉरी हां... हे पुस्तक आज मी बुक केली होती."

तिच्या बॅजवरचं आडनाव वाचून शेजारी उभा राहिलेला तरुण चक्क मोडक्या मराठीत बोलला होता. नाव नील. मराठी घरातला, पण जन्म इथल्याच बेसिंगस्टोकचा, जुनी फ्रेंच शिकवणारा.

"मीही केलंय. बसा. पण श्वास जपून घ्या, पानं नाजूक आहेत."

"तुमच्या शेजारी? ट्राय करतो."

हसू लपवायला तिला भिंग उपयोगी पडलं.

त्या दुपारला आता दोन वर्षं झाली. काव्यात सगळ्या भावना माणसं होऊन वावरायच्या. बागेचं दार आळस उघडायचा, कळीवर लाज आणि भीती पहारा द्यायच्या, बुद्धी बुरुजावरून उतरून प्रियकराला प्रेम सोडून दे असा उपदेश करायची. निसर्ग जीव घडवत राहायचा आणि कला त्याच्या पायाशी बसून नक्कल करायची. नील तिला बुद्धीबाई म्हणायचा, ती त्याला आळस. कॉमन नावाच्या मोकळ्या मैदानावरच्या ओल्या गवतातून चालताना तो काव्यातल्या फ्रेंच ओळी म्हणायचा. "आता मराठीत," ती म्हणायची. मग तो अडखळायचा... फार गोड अडखळायचा.

वसंतात त्याने विचारलं होतं, "बुद्धीबाई, राहशील इथे? माझ्याबरोबर?"

"बघू."

उन्हाळाभर तेच — बघू. काम संपलं की पुण्याला परत येईन, असा शब्द तिने बाबांना दिला होता. तिथे नोकरीही ठरली होती. आज काम संपलं.

दोघं ग्रंथालयाच्या पायऱ्यांवर बसले होते. फोन वाजला. बाबांचा.

"काय गं, तिकीट काढलंस? आणि ते जाड कोट आणू नकोस हं, इथे कुठे घालणार आहेस!"

नील हळूच उठला. "तू बोल. मी... कॉफी आणतो."

"बस." तिने त्याची बाही धरली.

"कोण आहे तिथे?"

"नील आहे, बाबा."

बाही तिने सोडली नाही.

"बाबा, मी परत येत नाहीये. मला नीलबरोबर राहायचंय."