समजा, गोदीच्या गालावर खळी आहे

"एका मोबाइलवर दोघांनी वाचू नये, बेटा. एकाची मान दुखते, दुसऱ्याला सवय लागते."

जव्हारच्या नूरमोहम्मद चाचांनी झेरॉक्सच्या मशीनवरून नजर न उचलता मला हे सांगितलं होतं. मी म्हटलं, "चाचा, दोन प्रती खपवायच्यात असं सरळ सांगा ना." चाचा हसले, मीही हसले. रघु मात्र स्वतःच्या चपलांकडे बघत राहिला.

त्याच्या दोन आठवडे आधी मी रघुला ओळखतही नव्हते. मोखाड्याची एसटी उशिरा होती. स्टँडच्या बाकावर मी मोबाइलवर जीवशास्त्राचं पुस्तक वाचत बसले होते. कॉलेजच्या मुलांसाठी इंटरनेटवर फुकट मिळणारं, इंग्रजीतलं. लायब्ररीतल्या दोन्ही प्रती कायम कुणीतरी नेलेल्या असायच्या. मी पान सरकवलं आणि मागून आवाज आला, "थांबा ना... माझा अजून वाचून नाय झाला."

मी वळले. कानामागे पेन, हातात वही, आणि चेहऱ्यावर चोरी पकडली गेल्याच्या लाजेचा लवलेश नाही.

"मघापासून माझ्या मोबाइलमध्ये बघताय?"

"मोबाइलमध्ये नाय. पेशीत."

"मग? काय दिसलं पेशीत?"

"अर्धीच दिसली. तुमचा अंगठा मध्ये येतो."

मी अंगठा काढला. एसटी आली तेव्हा चार पानं झाली होती आणि तो बाकाच्या मागून पुढे, माझ्या शेजारी आला होता. कसा, ते दोघांच्याही लक्षात आलं नाही.

तो आमच्याच कॉलेजात, दुसऱ्या तुकडीत होता, आणि त्याच्याकडे बटणांचा फोन होता. त्यामुळे रोज माझाच मोबाइल, आणि वर दोन डोकी. पुस्तकाचं पहिलं पान सगळे सोडून देतात, ते त्यानेच नीट वाचलं. "गोदी, हे बघ. हे पुस्तक कुणीही उतरवून घ्यावं, छापावं, आपल्या भाषेत करावं, हवं ते बदलावं. मूळ लिहिणाऱ्यांची नावं तेवढी ठेवावी."

"मग?"

"मग करू या ना आपल्या भाषेत."

रविवारी आम्ही जव्हारजवळच्या शिरपामाळाच्या टेकडीवर जायचो. तिथे रेंज चांगली मिळायची... निदान घरी तरी मी तसंच सांगायचे. फिरायला आलेले पाहुणे फोटो काढत, आम्ही एकेका शब्दावरून भांडत बसायचो. बिया वाऱ्यावर उडतात त्या धड्यात परदेशातलं कुठलंसं झाड होतं. रघुने ते खोडलं आणि शर्टाच्या खिशातून आमच्या रानातल्या ऐनाच्या झाडाचं सुकं फळ काढून माझ्या तळहातावर ठेवलं.

"मोज. पाच पंख."

मी मोजले. सावकाश मोजले. त्याचा हात अजून माझ्या हाताखालीच होता.

आनुवंशिकतेचा धडा त्याने एकट्याने केला. मला न दाखवताच चाचांकडून चाळीस प्रती काढून माझ्या वर्गात वाटल्या. मागच्या बाकांवरून खुसखुस ऐकू आली, म्हणून मी पान उलटलं. उदाहरण दुसरं: 'समजा, गोदीच्या गालावर खळी आहे आणि रघुच्या गालावर नाही. त्यांच्या मुलाला खळी पडेल का? उत्तर गोदीला विचारून लिहा.'

मी त्याला नळापाशी गाठलं. "हे काय आहे?"

"उदाहरण."

"अख्ख्या वर्गाला वाटलंस?"

"पुस्तक खुलं आहे ना..." मग त्याचा आवाज खाली गेला. "तुला एकटीला द्यायची हिंमत नाय झाली. चाळीस जणांत लपवून दिला."

"आणि तुला खळी नाही, हे कुणी तपासलं?"

"तू तपास."

मी तपासलं. इतकं सरळ त्याच्याकडे मी पहिल्यांदाच बघत होते. खळी नव्हती.

"मग उत्तर?" त्याने विचारलं.

"मुलाचं नंतर बघू. आधी आईला घेऊन घरी ये."

खळीचा हिशोब इतका सोपा नसतो, हे आम्हाला पुढे कळलं. पुस्तकात तशी तळटीप घातली. उदाहरण मात्र काढलं नाही. तयार झालेले धडे आम्ही इंटरनेटवर ठेवतो, कुणीही उतरवून घ्यावेत म्हणून.

आता आमची सोनी नऊ महिन्यांची आहे. रघु बोईसरला एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत आहे, पंधरा दिवसांनी येतो. मधले दिवस आम्ही पुस्तकात भेटतो. धड्यांची फाइल आता दोघांच्याही मोबाइलवर उघडते. तो कडेला लिहितो, 'स्राव हा शब्द जड वाटतो. तू कशी आहेस?' मी लिहिते, 'पाझर कसा वाटतो? सोनीला दात आला.'

या वेळी तीन आठवडे झाले, तो आला नाही. म्हणतो, शिफ्ट बदललीय. म्हणतो, बरा आहे. फोनवर रघु नेहमी बराच असतो. पण बोलण्याआधी फोन लांब धरतो, आणि लांब धरला तरी खोकला ऐकू येतोच. मागच्या वेळी स्टँडवर त्याची कॉलर मानेभोवती सैल झालेली मी पाहिली होती. आणि फाइलमध्ये आठवा धडा, श्वसनाचा, अकरा दिवस तिथेच थांबलाय: 'हवा आत येते तेव्हा छातीचा पिंजरा—'

वाक्य अर्धं सोडणारा माणूस नाही हा.

घरची सगळी वीटभट्टीवर कामाला गेलीत. सोनीचा ताप कालच उतरलाय. तिला घेऊन इतक्या लांब कशी जाऊ? चाचांचा इशारा मी हसण्यावारी नेला, त्यातून माझं भलंच झालं. खोकल्याचा हा इशारा मला तसा न्यायचा नाही.

म्हणून तुम्हाला विचारते. तुमच्यातलं कुणी बोईसरला शिकत असेल, आमचे धडे वाचत असेल, तर एकदा जाऊन या. पाण्याच्या टाकीमागची चाळ, निळ्या दाराची खोली. तो म्हणेल, बरा आहे. ऐकू नका. त्याच्यासमोर आठवा धडा उघडा आणि ते वाक्य पूर्ण करून मोठ्याने वाचायला सांगा, एका दमात. दम लागला, तर त्याला डॉक्टरकडे न्या आणि लगेच मला कळवा. नाही लागला, तर एवढंच सांगा, की सोनी आज मोठ्याने हसली आणि खळी पडली. डाव्या गालावर पडली... उजव्यावर पडते का, ते तपासायला तो हवा आहे.