पाऊण सेकंद

वाळूजच्या हस्तलय मापन केंद्रात भागवत शेळके दुसऱ्यांदा नापास झाला, तेव्हा त्याने आधी हातातली सुई कापडाने पुसून जागेवर ठेवली आणि मगच निकालाच्या पडद्याकडे पाहिलं. मेळ एकसष्ट टक्के. हवा होता नव्वद.

सव्वीस वर्षं भागवतने डिझेल इंजिनाच्या नोझलमध्ये सुया बसवल्या होत्या. सुई अशी घासायची की वर उचलून सोडली तर आपल्याच वजनाने, कुठेही न अडखळता, खाली उतरावी. दहा महिन्यांपूर्वी कारखान्याने तो विभाग बंद केला. काम परदेशी गेलं हे उभ्या वाळूजला ठाऊक होतं. कंपनी मात्र ‘मागणीच उरली नाही’ म्हणून मोकळी झाली होती. आणि सरकारी साह्य मिळायचं ते फक्त ज्यांचं काम देशाबाहेर गेलं त्यांनाच. सिद्ध कुणी करायचं? भागवतने. संधी तीन, आणि त्यातल्या दोन गेल्या होत्या. तिसरी गेली की पुन्हा घरच्या रिकाम्या खोलीत जाऊन भिंतीकडे बघत बसायचं.

“हस्तलय खोटं बोलत नाही,” केंद्राच्या प्रमुख डॉ. ईशिता रेगे यंत्रतज्ज्ञ थोरातांना म्हणाल्या. “कुशल हाताचा दाब, कंप, विसावा, सगळ्याला बोटांच्या ठशासारखी स्वतःची लय असते. विभाग बंद करण्याआधी तीन महिने कंपनीने यांना संवेदी हातमोजे घालून काम करायला लावलं. ती लय तिकडच्या यंत्रांत भरली असेल, तर यांच्या हाताशी जुळायलाच हवी.”

“व्यापारकरारामुळे तिकडचा आवाज टिपून मिळालाय,” थोरात म्हणाले. “पण त्यात प्रत्येक सुईनंतर दोन ठोके आहेत आणि मग पाऊण सेकंद थांबा. यांच्या हातात ते नाहीच. तिकडच्यांनी तो थांबा काढून पाहिला, तर सुया अडकायला लागल्या.”

“अडकणारच. घासताना सुई तापते, किंचित फुगते. थांबलं की निवते.”

डॉक्टरांनी तो आवाज भागवतला ऐकवला. सर्र, सर्र, सर्र. टक-टक. मग शांतता.

भागवतची मान खाली गेली. “ते कामातलं नव्हं, मॅडम.”

“मग काय आहे, काका?”

“आत बोलायला बंदी. श्वासाची वाफसुद्धा मालावर नको. म्हणून सुई बसली की मी नखानं टेबलावर दोनदा वाजवायचो. समोर रशीद तपासायला. त्यानं एकदा वाजवलं की पुढची घ्यायची. सुपरवायझर उभा असला की मात्र बंद. दोन मेमो खाल्ले त्यापायी. कुणी बघायला लागलं की हात आपोआप आखडतो बघा. पण रशीद गेला, तेव्हापासून सोडलं मी ते. वाजवायचं कुणासाठी?”

“कधी गेले ते?”

“मोजे यायच्या वर्षभर आधी.”

डॉक्टरांनी थोरातांकडे पाहिलं. मग अगदी हळू म्हणाल्या, “काका, हे मोज्यांनी टिपलंय. म्हणजे तुम्ही वाजवत होतात. आणि थांबतही होतात.”

भागवत बराच वेळ आपल्या उजव्या हाताकडे बघत राहिला. तो हात जणू दुसऱ्याच कुणाचा होता.

“डोक्याला कळलं होतं,” तो म्हणाला. “मयतीला गेलतो मी, माती दिली. हाताला कुणी सांगितलंच नाही.”

थोरातांना एरवी चेष्टेशिवाय बोलता येत नसे. ‘जित्याची खोड’ एवढं त्यांच्या तोंडून गेलं आणि ते ओशाळले. इथे मेला होता दुसराच, आणि खोड तरीही गेली नव्हती.

तिसऱ्या चाचणीला डॉक्टरांनी कॅमेरा बंद केला. लयमापक तेवढा चालू ठेवला आणि दोघंही पाठ करून बसले. पहिल्या दहा-बारा सुया तशाच गेल्या. मग मागून आवाज आला, टक-टक. आणि थांबा. डॉक्टरांच्या बोटाला उत्तराचा ठोका द्यायची इतकी ओढ लागली की त्यांनी मूठ आवळून धरली. बाहेरचा एक ठोका पडला असता तरी चाचणी बाद झाली असती.

मेळ सत्त्याण्णव टक्के.

“मंजूर झालं, काका!” डॉक्टर म्हणाल्या. “आता लयरोपण. दातांच्या दवाखान्यातल्या अवजारांना धार लावायची लय तुमच्या हातात उतरवू. काम इथलंच, जवळचं. फक्त एक आहे. एका हातात दोन सूक्ष्म लयी नांदत नाहीत. सहा महिन्यांत जुनी पुसली जाईल.”

“सगळी?”

“सगळी.”

“ते थांबायचं बी?”

“तेही.”

भागवतने पेन उचललं, खाली ठेवलं, परत उचललं. रिकाम्या हातांनी दहा महिने कसे जातात ते त्याला पुरतं कळलं होतं. तेवढ्यासाठी रशीदही त्याला रागावला नसता. त्याने सही केली.

दारापाशी जाऊन तो वळला. “तिकडच्या मशिनींचं काय होणार?”

“तीनशे चाळीस आहेत,” थोरात म्हणाले. “त्यांना थांबावंच लागणार. नाहीतर सुया अडकतात.”

“मग बरं आहे,” भागवत म्हणाला. “कुणीतरी वाट बघत राहील त्याची.”

आणि चपला घालून तो बाहेर पडला.